सहा दिवसांची कोठी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तपासनीस बाईंच्या फोनवर दोन ओळींचा निरोप आला.

'आज पाच वाजता एका बाईचं नाव पत्रात जाणार आहे. सोबतचा पुरावा एकदा स्वतः येऊन बघा.'

खाली सही नव्हती. नंबर कुठल्याशा कंपनीच्या सामायिक फोनचा होता.

पत्र कुठलं ते बाईंना नीट माहीत होतं, कारण ते त्यांच्याच टेबलावर यायचं होतं. पाच दिवसांपूर्वी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातला प्रोग्राम भर दुपारी गोठला होता. छत्तीस मिनिटं एकही गाडी सुटली नाही. तेवढ्या वेळात एक निवृत्त मास्तर छातीत कळ येऊन घरातच वारले. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता, तिचा रनटाइम, म्हणजे प्रोग्रामला चालवणारं आणि लागेल तशी मेमरी पुरवणारं यंत्र, एका घरगुती कंपनीने बनवला होता. चूक कोणाची ते त्या कंपनीने आज पाच वाजेपर्यंत लेखी कळवायचं होतं. ज्याचं नाव येईल त्याला अशा यंत्रणांच्या कामाला जन्मात पुन्हा हात लावता येणार नव्हता.

बाईंनी पर्स उचलली. पत्राची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतंच. या धंद्यात त्यांना तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

पावणेबाराला त्या कंपनीत पोचल्या. दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या, मधे काचेची बैठकीची खोली. थोरला भाऊ मालक. त्याला सगळे दादा म्हणत. दादांनी बाईंना पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. खुर्ची घ्या म्हणायचं त्यांना सुचलं नाही, किंवा सुचलं म्हणूनच ते म्हणाले नाहीत.

"पत्र पाचला मिळणार होतं ना तुम्हाला?"

"मिळेलच की. मी फक्त त्याच्याआधी आले."

"आमच्यावर विश्वास नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. "कोणाचं नाव आहे पत्रात?"

दादांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या धाकटीचं. माझ्या भावाच्या बायकोचं. घरातलंच माणूस आहे, मलाही काय आनंद होतोय असं समजू नका."

"चूक काय तिची?"

"मेमरी वाटून देणारा भाग आहे ना, त्याला आम्ही कोठी म्हणतो. प्रोग्रामला जागा लागली की कोठी देते, काम झालं की परत घेते. माझ्या भावाने बारा वर्षांपूर्वी लिहिली. बारा वर्षं कोणी बोट लावलं नाही. या बाईला तिच्यात खोट दिसली! तिने दुरुस्ती केली, आम्ही ती कक्षाला पाठवली, आणि सहाव्या दिवशी प्रोग्राम कोसळला. यापेक्षा काय सांगायचं?"

"त्याआधी कधी कोसळला होता?"

"नाही. कक्षवाले दर रविवारी मशीन बंद करून चालू करतात, आठवडा निभायचा. या महिन्यात उपनगरांचे फोन त्यांच्याकडेच वळवले. काम दुप्पट झालं. ते निमित्त धरून तिने दुरुस्ती काढली."

"पुरावा?"

"डंप आहे. बंद पडताना मेमरीत जे होतं त्याची जशीच्या तशी नक्कल. मशीनमधून ती थेट आमच्याकडे येते, भावाने तपासली. तिचीच खूण आहे आत."

"ती नक्कल मला बघायची आहे. आणि सगळ्यांशी एकेकटं बोलायचं आहे."

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण नियंत्रण कक्षाच्या तपासनीसाला नाही म्हणायची सोय नव्हती.

चाचणीची खोली दादांच्या बायकोकडे होती. ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत. टेबलावर एक धूळ नाही, वायरींना चिठ्ठ्या लावलेल्या, भिंतीवर सुबक अक्षरात एक यादी.

"हे काय?"

"खुणा. परत आलेली जागा कोठी एका ठरावीक आकड्याने भरून टाकते. तो आकडा चालू कामाच्या जागेत सापडला, तर समजायचं की वापरात असलेली जागा चुकून परत घेतली. कोठीत शेवटचा बदल ज्याचा, त्याची खूण. नवी आवृत्ती गिऱ्हाइकाकडे गेली की पहिला महिना खुणा चालूच ठेवतो. इथली पद्धत आहे."

यादीत दोनच नावांपुढे आकडे होते. कोठीवाले, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, ३१०८. धाकटी, ४४१७.

"तुमच्या जावेची दुरुस्ती तुम्ही तपासली?"

"नऊ दिवस सलग चालवली. आमच्याकडे नऊच दिवस चालवतात. एक तक्रार आली नाही."

"मग कक्षात सहा दिवसांत कशी कोसळली?"

"ते तुम्ही शोधा. त्यासाठीच तर नेमलंय ना तुम्हाला?"

"जावेशी तुमचं पटत नाही."

"अजिबात नाही," वहिनी शांतपणे म्हणाली. "घरात पाऊल टाकल्यापासून माझ्या प्रत्येक कामात तिला काहीतरी सुधारायचं असतं. आठ महिने आम्ही कामाशिवाय बोललेलो नाही. आणि कामाचंही लिहूनच."

बाईंनी रजिस्टर मागितलं. प्रत्येक आवृत्तीला एक ओळ होती: फाइलचा आकार, कोणी लिहिली, कोणी वाचली, कोणी चालवली, कोणी पाठवली. दुरुस्तीच्या आधीच्या आवृत्तीचा आकार ०७६ वर संपत होता, दुरुस्तीच्या आवृत्तीचा ४१२ वर. नव्या ओळीत लिहिणारी धाकटी, चालवणारी वहिनी, वाचणारा आणि पाठवणारा कोठीवाले. चारी रकान्यांत सह्या होत्या. बाईंनी दोन्ही आकडे हातावरच उतरवून घेतले.

"हे तुम्ही चालवलंत, ते पाठवलं कोणी?"

"भाऊजींनी. कायम तेच पाठवतात. माझ्याकडून फाइल त्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडून गिऱ्हाइकाकडे."

कोठीवाल्यांची खोली शेवटची. गृहस्थ सौम्य, डोळ्यांखाली काळं, बोलणं हळू. अख्ख्या ऑफिसात बाईंना पाणी विचारणारा हा पहिला माणूस.

"बायकोविरुद्ध पुरावा द्यायचा, वाईट वाटत असेल."

"रात्रंदिवस तेच डोक्यात आहे," ते म्हणाले. "पण एक माणूस गेलाय, बाई. घरचं म्हणून पांघरूण घालू?"

"दुरुस्ती पाठवण्याआधी तुम्ही वाचली होती?"

"ओळन् ओळ. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला तेव्हा चूक दिसली नाही, ती माझी कमी. ते मी पत्रात लिहिलंय."

"दाखवा डंप."

त्यांनी पडद्यावर उघडला. कोठीचे खण एकाखाली एक, भरलेले, क्रमाने. मधल्या काही खणांत चालू फोनची माहिती असायला हवी होती, तिथे आकडा भरलेला होता. ४४१७, ४४१७, ४४१७. वापरात असलेली जागा परत घेतल्याचा याहून उघड पुरावा मिळणं कठीण.

बाई पडदा वर-खाली करत राहिल्या. हजार खण, दोन हजार खण. सगळे ओळीत. मधे एकही रिकामी जागा नाही.

"ही नक्कल प्रोग्राम सहा दिवस चालल्यावरची?"

"सहा दिवसांची. कोसळला त्या क्षणाची."

"कक्षाकडे याची प्रत?"

"त्यांच्याकडे काही ठेवत नाहीत. लोकांचे फोन, आजार असतात ना त्यात."

"एक प्रत मला हवी."

"घ्या की," कोठीवाले म्हणाले आणि लगेच दिली.

धाकटी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिचं मशीन कंपनीच्या जाळ्यातून काढून टाकलेलं. समोर तिच्या दुरुस्तीचे छापील कागद, कडेला पेन्सिलीच्या खुणा, कागद हाताळून मऊ पडलेले. तिने वर पाहिलं नाही.

"पत्रावर सही करायला बोलावलंय का?"

"नाही. प्रश्न विचारायला. दुरुस्ती काय होती, सोप्या शब्दांत सांगा."

"कक्षात फोन आला की प्रोग्राम त्या फोनसाठी एक कामकरी उभा करतो. कोठी त्याला थोडी सुटी जागा खिशात देते, म्हणजे दरवेळी मागायला यायला नको. फोन संपला, कामकरी गेला. पण खिसा कोणी रिकामा करून घेतच नव्हतं. ती जागा कायमची अडकायची. फोनमागे थोडीशी. फोन दुप्पट झाल्यावर आठवडा पुरणार नाही, हे मी हिशेब करून सांगितलं होतं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"जाताना खिसा परत घ्यायला लावला. बस."

"त्यात वापरातली जागा परत जाऊ शकते?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे लाल होते. "चार दिवस तेच शोधतेय. हा म्हणतो, डंपमध्ये माझी खूण सापडली. मला दाखवली नाही, आरोपीला पुरावा दाखवत नाहीत म्हणे. पण तो कोठीचा बाप आहे. त्याला दिसलं असेल तर असेलच कुठेतरी."

बाईंनी कागद पुढे ओढले. पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत एक आकडा होता. ९०२३.

"हा काय?"

"माझी खूण. दुरुस्ती सुरू करतानाच बदलली. जुनी खऱ्या आकड्यांत मिसळायची, फसगत व्हायची."

"भिंतीवर जुनी आहे."

"भिंत वहिनींची आहे. त्यांच्या भिंतीला मी हात लावत नाही."

 बाई उठल्या त्या थेट चाचणीच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"जावेची खूण बदलली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ दिवस डोळ्यांसमोर ९०२३ नाचत होता. आंधळी नाहीये मी."

"मग यादीत बदलली का नाही?"

"ती येऊन सांगेल तेव्हा बदलेन. ज्याने बदलली त्याने सांगायचं, अशी रीत आहे."

आठ महिन्यांचा अबोला आणि एक न बदललेला आकडा. बाईंना हसू आलं असतं, पण मास्तर आठवले. त्या जिन्यात गेल्या आणि त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"तुमच्या मशीनवर रनटाइमची फाइल आहे. तिचा आकार वाचून दाखवा. सगळा नको, शेवटचे तीन आकडे."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट झाला. "शून्य सात सहा."

"पुन्हा वाचा."

"शून्य, सात, सहा. आवृत्ती नवीच लिहिलीय, बाई."

"आता नीट ऐका. पुढचं सांगेपर्यंत रोज सकाळी तो प्रोग्राम बंद करून चालू करायचा. आठवडा थांबायचं नाही. उद्या सहावा दिवस आहे."

चार वाजता बाईंनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बसवलं. दादा टेबलाच्या टोकाला, पुढ्यात टाइप केलेलं पत्र. वहिनी खिडकीशी. नवरा-बायको समोरासमोर. एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं. इतका राग एका खोलीत मावतो कसा, याचंच नवल.

"लवकर आटपा," दादा म्हणाले. "पाचला पत्र जायचंय."

"जाईल. आधी हा डंप. तुमचं स्वयंपाकघर सहा दिवस कोणी आवरलं नाही, तर कसं दिसेल?"

"हे काय विचारणं झालं?"

"मेमरीचंही तसंच होतं. सहा दिवसांत हजारो फोन आले-गेले. जागा दिली, घेतली, मोठी दिली, छोटी घेतली. अशा कोठीत पावलोपावली भोकं पडतात. या डंपमध्ये एकही भोक नाही. सगळे खण ओळीत, जणू आत्ताच लावून ठेवलेत. ही कोठी सहा दिवसांची नाही, फार तर दहा मिनिटांची. हा डंप कक्षातला नाहीच. याच मजल्यावर बनवलाय."

दादांचा हात पत्रावरून मागे आला. "कोणी?"

"तेच बघू. डंपमध्ये खूण ४४१७ आहे."

"ही तर माझी जुनी," धाकटी म्हणाली.

"हो. नवी ९०२३. म्हणजे डंप बनवणाऱ्याला तुमची खूण बदललेली माहीत नव्हती. त्याने भिंतीवरून जुनी उचलली. आता मोजा. तुम्हाला नवी माहीत होती. वहिनींना माहीत होती, नऊ दिवस त्यांनी तीच पाहिली. दादा, तुम्ही शेवटचा प्रोग्राम कधी लिहिलात?"

"पंधरा वर्षं झाली. हल्लीचं मला काही येत नाही."

"ते मला सकाळीच कळलं. राहिलं कोण?"

कोठीवाले मंद हसले. "म्हणजे मी? बाई, माहीत नसणारा माणूस पाहिजे तुम्हाला. मी तर तिचं काम पूर्ण वाचलंय."

"ओळन् ओळ, पहिल्यापासून. असं म्हणालात. खूण पहिल्याच ओळीत आहे."

हसू ओठांवरच राहिलं.

"वाचलं असतं तर ९०२३ दिसला असता," बाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही ते पान उघडलंच नाही. 'वाचलं' म्हणून सही मात्र ठोकली. आणि मग पंचाईत झाली. न वाचलेली दुरुस्ती कक्षाला पाठवायची तुम्हाला भीती वाटली. आणि बायकोने आपल्या कोठीत काढलेली खोट बसून वाचायची, हा कमीपणा वाटला. म्हणून तुम्ही ती पाठवलीच नाहीत."

"पाठवली," दादा ओरडले. "नवी आवृत्ती चालू आहे तिकडे!"

"आवृत्तीचा आकडा नवा आहे. फाइल जुनी. आकड्याच्या जागी आकडा घातला की आकार बदलत नाही. दुरुस्तीची फाइल ४१२ वर संपते, जुनी ०७६ वर. कक्षात आहे ती ०७६ वर संपते. तुमच्याच रजिस्टरातले आकडे आहेत. जुनी कोठी, तेच अडकलेले खिसे, फोन दुप्पट. सहाव्या दिवशी जागा संपली. खरा डंप आला, त्यात यांची स्वतःची खूण होती, ३१०८. तो यांनी पुसला आणि दहा मिनिटांत दुसरा बनवला. दुरुस्ती कोसळली नाही. ती तिथे पोचलीच नव्हती."

 कोठीवाले टेबलाकडे बघत म्हणाले, "मी पाठवणार होतो. पुढच्या महिन्यात. आधी स्वतः एकदा बघून."

"तुम्हाला इथे बोलावलं कोणी?" दादांनी बाईंना विचारलं. आवाज चिरका झाला होता. "घरातलं बाहेर कोणी नेलं?"

"मी," वहिनी म्हणाली. "भाऊजींच्या रिपोर्टात ४४१७ वाचला आणि कळलं, काहीतरी खोटं आहे. कोणाचं ते माहीत नव्हतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसवलं असतं."

"तिच्यासाठी? तुझं तर तिच्याशी पटत नाही!"

"नाहीच पटत. म्हणून खोट्या कागदाला मान डोलावू?"

दादांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. ते बाईंकडे वळले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडी आर्जव आलं.

"बाई, नावाशिवाय पत्र जाऊ शकतं ना? तांत्रिक बिघाड. दुरुस्ती आज पाठवतो, पुन्हा होणार नाही. कंपनी बुडेल, घर मोडेल."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "जाऊ शकतं," त्या म्हणाल्या. "डंप खोटा एवढं मी लिहीनच. पण पाठवायला दिली होती ती दुरुस्ती हीच, आणि ती कक्षात पोचली नाही, याला दुरुस्ती लिहिणाऱ्याची सही लागते. ती नसेल तर कोणाचंच नाव जात नाही. फाइल बंद होते."

आता सगळे धाकटीकडे बघू लागले. बाईंनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं आणि आपलं काम संपल्यासारख्या मागे टेकल्या.

"तुझं नाव तर निघालं," दादा म्हणाले. "आता ताणू नकोस. नवरा आहे तुझा."

धाकटीने पेन उचललं नाही. तिने बाईंना विचारलं, "त्या दिवशी मास्तरांसाठी फोन कोण करत होतं?"

"त्यांच्या मिसेस. चार वेळा केला. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, आता घाई नका करू."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तो थांबेपर्यंत धाकटी तशीच बसून राहिली. मग तिने कागद ओढला आणि लिहायला लागली. सहा ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या, खाली सही केली.

"तू माझी बायको आहेस," कोठीवाले म्हणाले. त्यात राग होता, आणि विनवणीही.

"हो," ती म्हणाली आणि कागद बाईंकडे दिला. "म्हणून तर तुझा शब्द खरा धरून बसले. चार दिवस चूक सापडेना, तेव्हा आज सकाळी ठरवलं होतं, नाही सापडली तरी सही करून टाकू. माणूस गेलाय, आणि तू खोटं बोलणार नाहीस."